शेंगी चार आठवडे जेवलेली नाही: सोलापूरच्या हवेत गेकोचं वजन कसं सांभाळायचं?

रेवा_होटगीरोड | १८ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, तो काळजीपोटी.

माझ्याकडे आफ्रिकन फॅट-टेल गेको आहे, म्हणजे शेपटीत चरबी साठवणारी एक परदेशी पाल. मादी, चार वर्षांची. नाव शेंगी. तपकिरी पट्टे, काळेभोर डोळे आणि गाजरासारखी जाड शेपटी. गेले चार आठवडे तिने जवळजवळ काही खाल्लेलं नाही. मध्ये एकदा एक रातकिडा धरला आणि सोडून दिला. दिवसरात्र उबदार बाजूच्या बिळात असते. आधी रात्री नऊ वाजले की काचेशी येऊन उभी राहायची, आता पाणी प्यायलाच काय ती बाहेर येते.

वजन असं आहे. सप्टेंबरात ६३ ग्रॅम, ऑक्टोबरात ६३, नोव्हेंबरअखेर ६२, १५ डिसेंबरला ६० आणि काल ५८. काटा स्वयंपाकघरातला आहे, ग्रॅमच्या पुढचं दाखवत नाही.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ होती, आवाज होता, म्हणून बिचकली असेल असं आधी वाटलं. पण आता यात्रा सरत आली, घरही शांत झालं, तरी तसंच. आई म्हणते, जनावराला त्याचं त्याचं कळतं, छळू नकोस. मला मात्र रात्री उठून टॉर्च लावून पोट हलतंय का बघावंसं वाटतं. जबरदस्तीने भरवायचं का? कुणी सोलापुरातलं, निदान मराठवाड्यातलं, या प्राण्याचं अनुभवी असेल तर सांगा. इंटरनेटवर सगळं बर्फाच्या देशातल्या लोकांचं लिहिलेलं आहे.

वेसअण्णा | १८ जानेवारी, रात्री ११.२५

रेवाताई, आधी टॉर्च बंद करा. ती झोपेल आणि तुम्हीही झोपाल.

मी बाळीवेशीत राहतो. नऊ वर्षं झाली फॅट-टेल पाळतोय, सध्या एक नर आणि दोन माद्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी चार गोष्टी हव्यात. शेपटी मुळाशी केवढी आहे, मानेइतकी जाड की बारीक झालीय? शेवटची विष्ठा कधी आणि कशी होती? पाणी पिते का, हे तुम्ही सांगितलंच, पिते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उबदार बाजूचं तापमान तुम्ही कुठे मोजता? काचेवर चिकटवलेल्या गोल घड्याळावर, की बिळाच्या आत, जिथे तिचं पोट टेकतं तिथे?

६३ वरून ५८ म्हणजे पाच ग्रॅम, साधारण आठ टक्के. मी आणि माझ्या ओळखीतले पाळणारे दहा टक्क्यांवर रेघ मारतो. तुमच्या वहीत ५६.७ वर लाल पेनाने रेघ ओढा. तिच्या वर आहे तोवर थंडीतला उपास समजून बघत राहायचं. रेघेखाली गेली, किंवा रेघेवर असूनही शेपटी झपाट्याने बारीक झाली, तर थांबायचं नाही, तपासणी करायची.

आणि तो स्वयंपाकघरातला काटा बदला. साठ ग्रॅमच्या जिवाला एक ग्रॅमची चूक फार होते. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मिळतो, दशांश ग्रॅम दाखवणारा.

पाटील_मोहोळ | १९ जानेवारी, सकाळी ७.१०

ताई, आमच्याकडे आजारी पोपटाला मधाचं पाणी आणि लहान मुलांचं पावडरचं अन्न ड्रॉपरने घातलं होतं, तो वाचला. तसं करून बघा. उपाशी ठेवण्यापेक्षा बरं.

वेसअण्णा | १९ जानेवारी, सकाळी ८.०२

पाटील, तुम्ही मायेनेच सांगताय, पण हे करू नका. पोपटाचं अंग आतून गरम असतं. गेकोचं तसं नाही, त्याची आतडी बाहेरच्या उबेवर चालतात. गार पडलेल्या पोटात घातलेलं अन्न पचत नाही, आतच सडतं. शिवाय हा किडे खाणारा प्राणी आहे, मध-साखर त्याच्या कामाची नाही. तोंड जबरदस्तीने उघडताना जबडा दुखावतो, द्रव श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. भरवायची वेळ आलीच तर ते डॉक्टरने करायचं.

डॉक्टरहोणारमी | १९ जानेवारी, दुपारी १.३०

अण्णांना अनुमोदन. मी उदगीरला पशुवैद्यकीय शिकते, अजून शिकतेच आहे, त्यामुळे याला सल्ला म्हणा, निदान म्हणू नका.

अन्न पचायला फॅट-टेलच्या पोटाखाली ३१-३२ अंशांची ऊब लागते. गार बाजू २४ ते २६ असावी. रात्री २१-२२ पर्यंत उतरलं तरी निरोगी मोठ्या प्राण्याला चालतं. ऊब कमी पडली की प्राणी आधी भूक बंद करतो. ते त्याचं शहाणपण आहे.

पण शहाण्या उपासात आणि आजारात फरक आहे. उपासात वजन हळू उतरतं, शेपटी गोल राहते, डोळे उघडे आणि टवटवीत, विष्ठा कमी पण घट्ट आणि तिच्यासोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढरा. आजारात शेपटी काठीसारखी होते, विष्ठा पातळ आणि घाण वासाची होते, खाल्लेलं उलटून पडतं, डोळे आत जातात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यातला परजीवी असतो, त्यात शेपटी अशीच सुकते. तो एकातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून घरात एकाहून जास्त गेको असतील तर चिमटे आणि भांडी वेगळी ठेवा. युरेट पिवळट आणि कडक दिसलं तर पाणी कमी पडतंय.

आणि हात धुवा. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असले तरी साल्मोनेला बाळगू शकतात. पेटीतली भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका.

रेवा_होटगीरोड | २० जानेवारी, रात्री ९.१५

अण्णा, तुमचा एक प्रश्न अगदी वर्मावर बसला.

आज संध्याकाळी बीळ उचललं. हे बीळ म्हणजे मातीची अर्धी कुंडी आहे, कडा घासून गुळगुळीत केलेली. खाली फरशीचा तुकडा आणि त्याच्याखाली, काचेच्या बाहेरून, हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई. थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीवर चिकटवला होता. त्याची टेप सुटली होती आणि सेन्सर सरकून थेट मॅटच्या मधोमध काचेवर जाऊन पडला होता. काच ३२ अंश झाली की थर्मोस्टॅट मॅट बंद करायचा, आणि वरची फरशी तिथवर कधी तापायचीच नाही. वेगळा थर्मामीटर फरशीवर टेकवून अर्धा तास थांबले. २६.४. काचेवरचं गोल घड्याळ मात्र इमानाने ३० दाखवत होतं.

म्हणजे माझी पोर महिनाभर गारठ्यात बसली होती आणि मी ‘हिवाळा आहे’ म्हणत होते. फार वाईट वाटलं. सेन्सर पुन्हा फरशीवर बसवला, या वेळी टेपवर सिलिकॉनचा ठिपका दिला. आता ३१.८ आहे.

शेपटी मुळाशी मानेइतकीच जाड आहे, जरा मऊ लागते. शेवटची विष्ठा ९ जानेवारीची, घट्ट, पांढरं टोक होतं.

वेसअण्णा | २० जानेवारी, रात्री ९.५०

सापडलं ते बरं झालं. वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडेही एकदा झालंय, आणि मला तीन महिने लागले होते शोधायला. ‘हंगाम आहे’ हे उत्तर खरं असतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. त्याच्या आड बाकीची कारणं लपतात. आधी ऊब, मग पाणी, मग विष्ठा, हे सगळं तपासून झालं की उरतो तो हंगाम.

आता लगेच खायला घालू नका. चार-पाच दिवस नुसती ऊब लागू द्या. मग एकच किडा, लहान, दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रात्री नऊनंतर. घेतला नाही तर पंधरा मिनिटांत काढून घ्या. न खाल्लेला रातकिडा रात्री झोपलेल्या गेकोला चावतो, मी पापणीला झालेली जखम पाहिलीय.

वजन करायची रीतही सांगतो. माझ्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, झाकणाला भोकं पाडलेला. डबा काट्यावर ठेवून शून्य करतो आणि जनावर आपल्या पायांनी आत जाईल असं बघतो, वरून उचलत नाही. दर रविवारी, संध्याकाळी, खायला घालायच्या आधी. विष्ठा झाल्यावर ग्रॅम-दीड ग्रॅम उतरतो आणि पोटभर पाणी प्याल्यावर तेवढाच चढतो. म्हणून एका आकड्याने घाबरायचं नाही आणि हुरळायचंही नाही. चार रविवारांची ओळ वाचायची.

कडकभाकरी | २२ जानेवारी, सकाळी ११.००

माझं उलटं आहे हो. नर आहे, सहा वर्षांचा, ९६ ग्रॅम. थंडी असो की पाऊस, खाणं कधी बंद नाही. समोरच्या पायांच्या काखेत दोन फुगे आलेत, चालताना पोट घासतं. सगळे म्हणतात काय गुबगुबीत आहे. मलाही कौतुक वाटायचं, आता या धाग्यावर वाचून शंकेची पाल चुकचुकली. रोज सात-आठ मीलवर्म आणि आठवड्यातून दोनदा वॅक्सवर्म, अशा अळ्या देतो.

वेसअण्णा | २२ जानेवारी, दुपारी २.४५

या जातीचा मोठा नर साधारण ६० ते ८० ग्रॅमचा असतो. काखेतले फुगे, डोक्यापेक्षा रुंद शेपटी आणि जमिनीला टेकणारं पोट, तिन्ही एकत्र असतील तर तो लठ्ठ आहे. चरबी शेपटीत मावेना की पोटात आणि यकृतावर साठते.

पण एकदम उपाशी पाडू नका. लठ्ठ सरड्या-पालींचं खाणं अचानक तोडलं की अंगातली चरबी एका दमात यकृतावर येते आणि यकृत बसतं. सावकाश घ्या. वॅक्सवर्म आजपासून बंद, ते म्हणजे नुसती चरबी, मिठाईच समजा. मीलवर्म कमी. रातकिडे किंवा डुबिया झुरळं, आठवड्यातून दोनदा, चार-चार. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला घाला. देताना कॅल्शियमची पावडर लावा, अधूनमधून व्हिटॅमिन डी-३ असलेली. आठवड्याला अर्धा-एक ग्रॅम उतरला तरी भरपूर. घाई नको, सहा महिने धरा.

आणि त्याला चालवा. पेटीत एकच बीळ आणि शेजारीच वाटी असेल तर तो चालेल कशाला? दगड, झाडाची साल, वर-खाली जायला वाट करून द्या. किडा या टोकाला सोडा, तो त्या टोकाहून येऊ दे.

डॉक्टरहोणारमी | २२ जानेवारी, रात्री ८.२०

एक भर. शेतातले नाकतोडे पकडून घालायचा मोह होतो, विशेषतः हुरड्याच्या दिवसांत रानात गेल्यावर. नका घालू. आपल्याकडे द्राक्षाच्या, तुरीच्या फवारण्या कुठून कुठे उडतात सांगता येत नाही. काजवे तर अजिबात नाहीत, पाली-सरड्यांना ते विषारी असतात, एकानेही जीव जाऊ शकतो.

मंद्रुपकर | २४ जानेवारी, सकाळी ९.३५

वाचतोय. मनापासून एक प्रश्न आहे, राग मानू नका. आफ्रिकेतला प्राणी काचेत कोंडून इथे ठेवायचा, मग तो जेवत नाही म्हणून हळहळायचं, हे बरोबर आहे का? आमच्याकडे रानात ठिपक्यांची पाल निघाली की लोक विषारी म्हणून दगड घालतात. तिच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

रेवा_होटगीरोड | २४ जानेवारी, दुपारी १२.५०

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो स्वतःला विचारलेला आहे. शेंगी पाळीव जोडीपासून जन्मलेली आहे. ज्यांच्याकडे होती त्यांना गाव सोडावं लागलं म्हणून माझ्याकडे आली. तिला रानात सोडता येणार नाही, ना इथल्या ना तिथल्या. ही जात पंधरा-वीस वर्षं जगते. तेवढी वर्षं तिला नीट जगवणं एवढंच माझ्या हातात आहे. नवीन विकत घेणार नाही, कुणाला घ्या म्हणणारही नाही.

ठिपक्यांच्या पालीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. भारतात विषारी पाल नाही, एकही नाही. माझ्या मामाच्या वस्तीवर हेच सांगून मी दोनदा भांडलेय.

वेसअण्णा | २४ जानेवारी, दुपारी ३.१५

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: रानातला कुठलाही सरपटणारा प्राणी धरून घरी आणू नका. घोरपडीसारखे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशी प्राण्यांतल्याही ज्या जाती साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपल्याकडची जात कोणती, तिला काय लागू होतं, ते आधी बघा आणि कागद जपून ठेवा.

रेवा_होटगीरोड | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

तीन रविवारांची ओळ: ५७.९, ५७.४, ५७.०. नवीन काटा आणलाय. रेघ ५६.७ वर आहे, म्हणजे कागदावर बोटभर अंतर उरलंय. ऊब नीट झाली तरी जेवत नाही. मन घट्ट करून बसलेय.

परवा विष्ठा झाली, महिन्याने. घरच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते प्रांजळपणे म्हणाले, हा आपला प्रांत नाही. मग पुण्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. भाऊ सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाणारच होता, त्याच्याकडे छोट्या डबीत, बर्फाच्या थर्मासमध्ये दिली. संध्याकाळी निकाल आला. पिनवर्म नावाच्या जंतांची थोडी अंडी आहेत, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले एवढी बऱ्याच गेकोंमध्ये असतात, वजन टिकून असेल तर आत्ता औषध नको, महिन्याने पुन्हा बघू.

वेसअण्णा | ९ फेब्रुवारी, रात्री १०.५५

मग आता खरंच हंगाम उरला. धीर धरा.

माझ्या मनात बरेच दिवस आहे ते लिहितो. फॅट-टेलचं मूळ गाव पश्चिम आफ्रिका, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतचा पट्टा. तिथे पाऊस जून ते सप्टेंबर. त्यानंतर कोरडे, जरा गार महिने. मग पावसाआधी रणरणतं ऊन. ओळखीचं वाटतंय ना? आपलं पाऊसपाणी थोडंफार तसंच. थंड देशातली माणसं हीटर लावून जो ऋतू घरात तयार करतात तो आपल्या दाराबाहेर आपोआप येतो. कोरड्या दिवसांत तिकडे किडे कमी होतात, म्हणून हा प्राणी बिळात बसतो आणि शेपटीवर दिवस काढतो. शेपटी म्हणजे त्याची कणगी. पेटीत मॅट लावली तरी दिवस लहान झालेला त्याला कळतोच. सोलापुरातसुद्धा डिसेंबरचा दिवस जूनपेक्षा दोन तासांनी लहान असतो.

माझी थोरली मादी दर वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी खात नाही. नऊ वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. एका वर्षी ती जानेवारीतही खात राहिली, तेव्हा मीच गोंधळून गेलो होतो.

सुनीता_अक्कलकोटरोड | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

रेवा, मादी आहे म्हणून सांगते. थंडी सरल्यावर खायला लागली आणि मार्च-एप्रिलमध्ये परत बंद झाली, तर तिला हातात घेऊन खालून पोट बघ. कातडी पातळ असते. दोन्ही बाजूंना गुलाबी-पांढरट गोल दिसले तर बीजं धरलीत, म्हणजे पोटात अंडी तयार होताहेत. नर नसला तरी होतं. माझ्या मादीने गेल्या एप्रिलमध्ये दोन रिकामी अंडी घातली, एका रात्रीत सात ग्रॅम उतरले आणि माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा ओलसर कोकोपीटचा खोल डबा ठेव आणि कॅल्शियम चुकवू नको. अंडी अडकली, ती सारखी खणत राहिली आणि घालेना, तर मात्र थेट डॉक्टर गाठायचा.

रेवा_होटगीरोड | २७ फेब्रुवारी, रात्री ११.३०

जेवली!!

नऊ वाजून दहा मिनिटांनी बिळातून डोकं बाहेर आलं. मी चिमट्यात एक रातकिडा धरून बसले होते, हात अवघडला होता. ती दोन पावलं आली आणि थांबली. मान जमिनीलगत, डोळे किड्यावर. मग शेपटीचं टोक हलायला लागलं. आधी अगदी हळू, नागमोडी, आणि मग थरथर. ही थरथर मी दोन महिन्यांनी पाहिली. पुढच्या क्षणी चिमटा रिकामा. दोनदा चावली, गिळला, पापण्या मिटल्या, जिभेने तोंड पुसलं. दुसरा दिला, तोही घेतला. तिसरा मीच दिला नाही, अण्णांचं ऐकून.

आई मागे उभी होती, मला कळलंच नाही. काही बोलली नाही. जाताना दिवा मात्र हळूच मालवून गेली.

वजन खाण्याआधी ५६.९.

वेसअण्णा | २७ फेब्रुवारी, रात्री ११.४८

शाब्बास. आठवडाभर दोन-दोनच. वाढवताना घाई नको.

कडकभाकरी | १६ मार्च, दुपारी १२.१०

आमचे साहेब ९६ वरून ९०.५. काखेतला डावा फुगा बसलाय, उजवा थोडा आहे. मीलवर्मच्या वाटीपाशी जाऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो, ते बघवत नाही. पण रात्री पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आता.

पण दुसरी काळजी सुरू झाली. खोलीत आत्ताच ३६ आहे. मे महिन्यात काय करायचं?

वेसअण्णा | १६ मार्च, रात्री ९.३०

सोलापूरकरांनी खरं तर यावर धागा काढायला हवा. थंडीत गेको उपाशी बसतो म्हणून माणसं घाबरतात, पण थंडीत मरत नाही. मरतो मेमध्ये. बाहेर ४२-४३, माझं वरच्या मजल्याचं घर, वर पत्रा. पहिल्या वर्षी मी एक नर असाच घालवला. दुपारी कामावर होतो, मॅट चालू राहिली होती. त्यानंतर शिकलो ते सांगतो.

मार्च निम्मा झाला की मॅटचा प्लग काढा, नुसतं थर्मोस्टॅटवर सोडू नका. पेटी वरच्या फळीवरून जमिनीवर आणा, उत्तरेच्या भिंतीशी. दुपारी पेटीच्या जाळीवर ओला सुती टॉवेल, निम्म्या भागावर, हवा कोंडू नये म्हणून. त्यासाठी आपल्या गावात वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, टेरी टॉवेल घराघरात पडलेले आहेत. कूलर असेल तर खोलीत लावा, झोत पेटीवर नको. एप्रिलच्या दुपारी माझा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा काटा, २० टक्क्यांच्या खाली जातो आणि या जातीला ५०-६० टक्क्यांची दमट हवा लागते. कूलरने दोन्ही कामं होतात. मातीची कुंडी पाण्यात भिजवून बीळ म्हणून ठेवली की माठासारखी गार राहते. त्यात ओलं कोकोपीट घाला. नळाला पाणी रोज येत नाही हे मान्य, पण याला दिवसाला पेलाभर पाणी पुरतं.

लाइट गेली तर पाण्याची बाटली बर्फ करून टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून लावा. आत नको. गार बाजूसुद्धा ३२-३३ च्या वर राहू लागली की हातपाय हलवा. तोंड उघडून बसणं, भरदिवसा काचेवर धडपडणं, पाण्याच्या वाटीत आडवं पडणं ही धोक्याची लक्षणं. तसं दिसलं तर गार खोलीत न्या, साध्या पाण्यात पाय बुडतील एवढंच ठेवा. बर्फाचं पाणी कधीच नाही.

याच दिवसांत कात अडकते. बोटांच्या टोकांवर आणि पापणीवर राहिलेली कात सुकून आवळते, बोट गळून जातं. कात टाकल्यावर वीसच्या वीस बोटं मोजा. अडकली असेल तर कोमट ओल्या डब्यात अर्धा तास, मग कापसाच्या बोळ्याने. ओढायची नाही.

आणि हो, मेमध्ये परत खाणं कमी होतं. ती उन्हाळ्याची वामकुक्षी. रात्री दहानंतर किंवा पहाटे चारला द्या, घेतलं तर घेतलं. रेघ इथेही तीच, दहा टक्के.

मंद्रुपकर | १७ मार्च, सकाळी ८.१५

अण्णा, भिजवलेल्या कुंडीचं आमच्या गोठ्यातल्या कोंबड्यांच्या पाण्याला करून बघतो. लिहीत राहा.

रेवा_होटगीरोड | ४ मे, रात्री १०.२०

सुनीताताई, तुमचं खरं ठरलं. १० एप्रिलला खाणं बंद, वजन मात्र ६० वर अडलेलं, उतरेना. पोट खालून पाहिलं, दोन्हीकडे वाटाण्यासारखे गोल. कोकोपीटचा डबा ठेवला, दोन रात्री खणलं, पण अंडी आली नाहीत. गोल हळूहळू लहान होत गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, शरीराने परत शोषून घेतली, असं होतं. आता ५९.२ आहे. वहीत याला वेगळी खूण केलीय, हिरवी, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये मला घाबरायला नको.

विष्ठा पुन्हा तपासली, पिनवर्म आणखी कमी.

मॅट १८ मार्चपासून बंद. पेटी देवघराशेजारच्या खोलीत जमिनीवर. टॉवेल आई बदलते, दुपारी दोन आणि चारला. मी ऑफिसात असते तेव्हा ती तापमानाचा फोटो काढून पाठवते. काल ३१.५ आलं तर खाली लिहिलं होतं, ‘बाळ गार आहे.’

कडकभाकरी | २२ जून, सायंकाळी ७.४५

८४.३. दोन्ही फुगे गेले. मृगाच्या पहिल्या सरीच्या रात्री पेटीत नुसता फिरत होता, मला वाटलं आजारी आहे.

वेसअण्णा | २२ जून, रात्री ९.०५

आजारी नाही. हवा दमट झाली की त्यांना कळतं, त्यांचाही पावसाळा हाच. आता भूक उसळेल, तेव्हाच हात आखडता घ्या, नाहीतर दिवाळीला परत ९६. आणि बुरशीकडे लक्ष ठेवा. कोकोपीट आठवड्याला बदला, जाळीवरचा टॉवेल काढा, मोकळी हवा लागू द्या. गार आणि ओलं एकत्र आलं की छातीचा आजार होतो. नाकाशी बुडबुडे दिसले, श्वासाला आवाज आला तर थांबायचं नाही.

रेवा_होटगीरोड | २७ जुलै, रात्री ९.४०

आज रविवार. ६१.८. शेपटी पुन्हा टणक, गाजरासारखी.

अण्णा, तुमच्या नऊ वर्षांच्या वह्या बघायच्या आहेत. प्रत्येक महिन्याचं वजन आणि त्या दिवसाचं खोलीतलं तापमान एका तक्त्यात घालू, म्हणजे आपल्या गावात पुढे ज्याच्याकडे असा जीव येईल त्याला डिसेंबरात टॉर्च घेऊन जागावं लागणार नाही. टाइप करायचं काम माझं.

वेसअण्णा | २७ जुलै, रात्री १०.०५

या की. रविवारी सकाळी घरीच असतो. दोन वह्यांवर शाई पसरलीय, पण वाचता येतात. काटा घेऊन या, माझा अर्धा ग्रॅम जास्त दाखवतो का ते बघायचंय.